होरेस मॅन

होरेस मॅन (४ मे १७९६ – २ ऑगस्ट १८५९) हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे शिक्षणसुधारक, वकील व लोकप्रतिनिधी होते. १८३७ ते १८४८ या काळात ते त्या राज्याच्या शिक्षण मंडळाचे पहिले सचिव होते. सर्व थरांतील मुलांनी एकाच शाळेत शिकावे, त्या शाळेचा खर्च करातून चालावा आणि तेथे प्रशिक्षित शिक्षक असावेत, या विचाराचा त्यांनी बारा वर्षे प्रसार केला. त्यांना अमेरिकेतील सार्वजनिक शाळांचे जनक मानले जाते. सरकारी शाळेत धर्माला कोणते स्थान असावे, हा त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत बिकट प्रश्न ठरला. कोणत्याही एका पंथाची शिकवण शाळेत देऊ नये, परंतु बायबलचे वाचन भाष्याविना चालू ठेवावे, असा तोडगा त्यांनी स्वीकारला. कर्मठ प्रोटेस्टंटांना हा तोडगा धर्मबुडवा वाटला, तर कॅथलिकांना तो प्रोटेस्टंट धर्माचाच प्रचार वाटला.

प्रारंभिक जीवन

मॅन यांचा जन्म मॅसॅच्युसेट्समधील फ्रँकलिन या गावी एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला. घरातील मुले शेतीच्या कामाबरोबर टोप्यांसाठी गवताच्या काड्यांच्या वेण्याही विणत. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत मॅन यांना वर्षातून आठ-दहा आठवड्यांपेक्षा अधिक काळ शाळेत जाता आले नाही. गावाने बेंजामिन फ्रँकलिन यांचे नाव धारण केले, तेव्हा फ्रँकलिन यांनी चर्चसाठी घंटा न देता गावाला ग्रंथ भेट दिले होते. मॅन यांचे बालपणीचे बरेचसे वाचन याच ग्रंथसंग्रहातून झाले. १८०९ मध्ये त्यांच्या वडिलांचे निधन झाले.

गावचे धर्मोपदेशक नॅथॅनियल एमन्स हे कॅल्विनच्या मताचे कट्टर पुरस्कर्ते होते. कोणाचा उद्धार व्हायचा आणि कोणाला नरकयातना भोगाव्या लागायच्या, हे ईश्वराने आधीच ठरवून ठेवले आहे, असे हे मत सांगते. एमन्स यांच्या प्रवचनांमुळे लहानग्या होरेसच्या रात्री भयात जात. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास आपण या मताचे जोखड मनोमन झुगारले, असे त्यांनी पुढे एका पत्रात लिहिले आहे. १८१० मध्ये त्यांचा थोरला भाऊ स्टीफन हा रविवारी चर्चला न जाता तळ्यावर गेला आणि तेथे बुडून मरण पावला. त्याच्या अंत्यविधीच्या प्रवचनात एमन्स यांनी शोकाकुल आईचे सांत्वन केले नाही. धर्मदीक्षा घेतल्यावाचून मरणाऱ्या तरुणांची गती काय होते, हेच त्यांनी जमलेल्या मुलांना ऐकवले. मॅन यांच्या पत्नीने लिहिलेल्या व १८६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रात हा प्रसंग आला आहे. लहान मुलांच्या मनावर धर्ममताची सक्ती करण्याबद्दल मॅन यांना जन्मभर जी चीड वाटत राहिली, तिचे मूळ त्यांचे बहुतेक चरित्रकार या प्रसंगात पाहतात. प्रौढपणी ते उदारमतवादी युनिटेरियन पंथाकडे वळले. ईश्वरावरील व बायबलमधील नीतितत्त्वांवरील त्यांची श्रद्धा मात्र अखेरपर्यंत टिकून होती.

शिक्षण, वकिली व विधिमंडळ

१८१६ मध्ये मॅन यांनी प्रॉव्हिडन्स येथील ब्राउन विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १८१९ मध्ये वर्गात पहिला क्रमांक मिळवून पदवी संपादन केली. काही काळ तेथेच अध्यापन केल्यावर त्यांनी लिचफील्ड येथील विधी विद्यालयात कायद्याचा अभ्यास केला. १८२३ मध्ये सनद मिळवून ते डेडहॅम येथे वकिली करू लागले. १८३० मध्ये ब्राउन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष एसा मेसर यांची कन्या शार्लट हिच्याशी त्यांचा विवाह झाला. दोनच वर्षांत, १ ऑगस्ट १८३२ रोजी, शार्लटचे निधन झाले. या आघातातून मॅन पूर्णपणे सावरले नाहीत.

१८२७ मध्ये ते राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. सभागृहातील त्यांचे पहिले भाषण धर्मस्वातंत्र्याच्या बाजूने होते. त्या वेळी मॅसॅच्युसेट्समध्ये धर्मसंस्थेसाठी कर भरणे बंधनकारक होते, आणि या कराचा मुख्य लाभ काँग्रिगेशनल चर्चला मिळत असे. १८३३ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती होऊन हा कर रद्द झाला. राजाश्रित चर्चची व्यवस्था मोडणारे ते अमेरिकेतील शेवटचे राज्य होते. मॅन पुढे राज्याच्या सिनेटवर निवडून गेले आणि १८३६ ते १८३७ या काळात त्या सभागृहाचे अध्यक्ष झाले.

तुरुंग व मनोरुग्णालय

विधिमंडळातील मॅन यांचे सर्वांत मोठे काम मनोरुग्णांसाठी होते. त्या काळी निर्धन वेड्यांना तुरुंगात गुन्हेगारांसमवेत कोंडून ठेवले जाई. मॅन यांनी या स्थितीची चौकशी करून राज्याच्या खर्चाने मनोरुग्णालय उभारण्याचा प्रस्ताव मांडला. त्यानुसार १८३३ मध्ये वूस्टर येथील रुग्णालय सुरू झाले आणि मॅन त्याच्या विश्वस्त मंडळावर राहिले.

तुरुंगांच्या सुधारणेत त्या काळी धर्माचा मोठा वाटा होता. बोस्टनमधील तुरुंगसुधारणा संस्थेचे संस्थापक लुई ड्वाइट हे तत्पूर्वी बायबल प्रसारक संस्थेचे प्रतिनिधी म्हणून तुरुंगातुरुंगांत बायबलच्या प्रती वाटत फिरले होते. कैद्याला एकांत, श्रम आणि धर्मवाचन दिले, तर त्याचे मन पालटेल, अशी सुधारकांची समजूत होती. या वातावरणातूनच काही मोठी कामे उभी राहिली. १८४१ च्या मार्च महिन्यात डॉरोथिया डिक्स या शिक्षिका ईस्ट केंब्रिज येथील तुरुंगात स्त्री कैद्यांचा रविवारचा धर्मवर्ग घेण्यासाठी गेल्या. तेथे थंडीत शेकोटीविना कोंडलेल्या वेड्या स्त्रिया त्यांच्या दृष्टीस पडल्या. त्यानंतर त्यांनी राज्यभर हिंडून पाहणी केली आणि १८४३ मध्ये विधिमंडळाला निवेदन सादर केले. मॅन यांचे जिवलग मित्र व अंधशिक्षणाचे प्रवर्तक डॉ. सॅम्युअल ग्रिडली हाऊ यांनी विधिमंडळात त्यांची बाजू उचलून धरली. वूस्टरच्या रुग्णालयाचा विस्तार त्यातूनच झाला.

गुन्हेगारीवर तुरुंगापेक्षा शाळा हाच अधिक खात्रीचा उपाय आहे, अशी मॅन यांची ठाम धारणा होती. राज्यातील सर्व मुलांना चांगल्या शिक्षकांच्या हाताखाली नियमित शिक्षण मिळाले, तर दुर्वर्तनाचे प्रमाण किती घटेल, अशी पृच्छा त्यांनी अनुभवी शिक्षकांकडे केली होती. त्या उत्तरांचा ऊहापोह त्यांनी आपल्या अकराव्या वार्षिक अहवालात केला. शाळेने सदाचार घडवावा, ही अपेक्षा यातूनच पुढे आली. मात्र सदाचाराचा पाया धर्म होय, असे मानणाऱ्या समाजात धर्म वगळून नीती कशी शिकवावी, हा प्रश्नही त्यांच्यापुढे उभा राहिला.

शिक्षण मंडळाचे सचिव

२० एप्रिल १८३७ रोजी मॅसॅच्युसेट्सने राज्य शिक्षण मंडळ स्थापन केले. मॅन यांनी चालती वकिली आणि सिनेटचे अध्यक्षपद सोडून वार्षिक १,५०० डॉलर वेतनाचे सचिवपद स्वीकारले, तेव्हा त्यांच्या मित्रांना आश्चर्य वाटले. मंडळाला हुकूम सोडण्याचा अधिकार नव्हता. माहिती गोळा करणे, अहवाल देणे आणि लोकांना पटवणे एवढेच त्याच्या हाती होते. मॅन यांनी गावोगावी सभा घेतल्या, १८३८ पासून सामायिक शाळांना वाहिलेले नियतकालिक चालवले आणि बारा वार्षिक अहवाल लिहिले. १८३९ मध्ये लेक्सिंग्टन येथे अमेरिकेतील पहिले सरकारी अध्यापक विद्यालय सुरू झाले. सायरस पिअर्स हे त्याचे पहिले प्राचार्य होते.

१८४३ मध्ये मॅन यांनी मेरी पीबॉडी यांच्याशी विवाह केला. नवविवाहित मॅन व हाऊ ही दोन्ही दांपत्ये एकाच जहाजाने युरोपला निघाली. मॅन यांनी हा प्रवास तेथील शाळा, तुरुंग व अनाथालये पाहण्यात घालवला. प्रशियातील शिक्षक मुलांना न मारता, प्रेमाने शिकवतात, असे त्यांनी सातव्या अहवालात नमूद केले. त्यावरून बोस्टनच्या ३१ मुख्याध्यापकांशी त्यांचा मोठा वाद झाला, कारण छडीवाचून शिस्त राहील, हे त्यांना मान्य नव्हते. इंग्लंडमध्ये मॅन यांना वेगळा धडा मिळाला. त्याच वर्षी कारखान्यांतील मुलांच्या शिक्षणाचे विधेयक तेथे पंथांच्या भांडणामुळे मागे पडले होते. शाळेवर ताबा कोणत्या पंथाचा, यावर एकमत न झाल्याने मुलेच निरक्षर राहतात, हे त्यांनी तेथे पाहिले.

धर्मशिक्षणाचा तोडगा

१८२७ च्या राज्य कायद्याने कोणत्याही एका पंथाचा पुरस्कार करणारी पुस्तके सार्वजनिक शाळांत लावण्यास मनाई केली होती. हा कायदा मॅन सचिव होण्याच्या दहा वर्षे आधीचा होता, परंतु तो काटेकोरपणे पाळण्याचे काम त्यांच्याकडे आले. फिलाडेल्फियातील रविवार शाळा संघाचे फ्रेडरिक पॅकार्ड यांनी १८३८ मध्ये आपल्या संघाची पुस्तके शालेय ग्रंथालयांत घ्यावीत, असा आग्रह धरला. त्यांनी पाठवलेल्या जॉन अ‍ॅबट यांच्या पुस्तकात हट्टी मुलाला ईश्वरी शिक्षेचे भय घातलेले पाहून मॅन यांनी ते नाकारले. पॅकार्ड यांनी मग वृत्तपत्रांतून आणि धर्मसभांमधून मंडळाविरुद्ध मोहीम उघडली.

मॅन यांची भूमिका तीन मुद्द्यांवर उभी होती. पंथापंथांत ज्याविषयी मतभेद आहेत, असे सिद्धान्त शाळेत शिकवू नयेत. सर्व ख्रिस्ती पंथांना मान्य असलेली नीतितत्त्वे, म्हणजे प्रामाणिकपणा, दया आणि ईश्वरभक्ती, अवश्य शिकवावीत. बायबल शाळेत वाचावे, पण शिक्षकाने त्यावर भाष्य करू नये, म्हणजे अर्थ लावण्याचे काम घर आणि चर्च यांच्याकडे राहील. १८४८ च्या बाराव्या व अखेरच्या अहवालात त्यांनी याचे सविस्तर समर्थन केले. शाळा सर्वांच्या करातून चालते. तेथे एखाद्याला असत्य वाटणारे मत शिकवले गेले, तर त्याचे अंतःकरण मुलाला त्या शाळेत पाठवण्यास नकार देते आणि कायदा मात्र त्याच शाळेसाठी त्याच्याकडून पैसे घेतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. मॅसॅच्युसेट्सने नुकताच रद्द केलेला धर्मकर शाळेच्या दाराने परत येऊ नये, हे त्यांचे सूत्र होते.

कर्मठांची टीका

या भूमिकेवर दोन्ही बाजूंनी हल्ले झाले. ऑरेस्टीस ब्राउनसन यांनी वादग्रस्त गोष्टी वगळलेले शिक्षण निःसत्त्व ठरते, असा आक्षेप घेतला. १८४० मध्ये शिक्षण मंडळच बरखास्त करण्याचा प्रस्ताव विधिमंडळात आला, तो फेटाळला गेला. १८४४ मध्ये मंडळाचे माजी सदस्य एडवर्ड न्यूटन यांनी शाळांतून खरा ख्रिस्ती धर्म हद्दपार होत असल्याचा आरोप केला. १८४६ मध्ये धर्मोपदेशक मॅथ्यू हेल स्मिथ यांनी बोस्टनमधील प्रवचनात वाढत्या तरुण गुन्हेगारीचे खापर मंडळावर फोडले. शाळेतून बायबल आणि छडी दोन्ही गेल्यामुळे हे घडले, असे त्यांचे म्हणणे होते.

मॅन यांनी प्रत्येक आरोपाला छापील उत्तर दिले आणि काही वेळा त्यांची लेखणी आवश्यकतेपेक्षा तिखट झाली. आपल्या कारकिर्दीत बायबल वाचणाऱ्या शाळा घटल्या नसून वाढल्या आहेत, हे त्यांनी राज्यातील शाळा समित्यांकडून माहिती मागवून दाखवले. कर्मठ मताच्या अनेक धर्मोपदेशकांनीही या वादात मॅन यांची बाजू घेतली, कारण राज्यातील बहुसंख्य प्रोटेस्टंटांना हा तोडगा एकंदरीत मान्य होता.

कॅथलिक नागरिक आणि बायबलची प्रत

प्रोटेस्टंटांच्या या सहमतीतच तोडग्याची मर्यादाही दडलेली होती. शाळांत वाचले जाणारे बायबल हे इंग्लंडच्या राजा जेम्सच्या आज्ञेने झालेले प्रोटेस्टंट भाषांतर होते. कॅथलिकांचे डुए येथील भाषांतर वेगळे होते, आणि दोन्ही परंपरांत दहा आज्ञांचे क्रमांकही निराळे लावले जातात. त्यातही भाष्याविना वाचन ही कल्पनाच प्रोटेस्टंट होती. धर्मग्रंथाचा अर्थ प्रत्येकाने स्वतः लावावा, हे मत कॅथलिक चर्चला मान्य नव्हते. त्यामुळे मॅन यांनी जी बाब सर्वमान्य म्हणून शिल्लक ठेवली, तीच कॅथलिक पालकांना पंथीय वाटत होती.

१८४० नंतर आयर्लंडमधून येणाऱ्या स्थलांतरितांमुळे हा प्रश्न तीव्र झाला. न्यूयॉर्कमध्ये बिशप जॉन ह्यूज यांनी १८४० मध्ये कॅथलिक शाळांसाठी सार्वजनिक निधीचा वाटा मागितला. फिलाडेल्फियात बिशप फ्रान्सिस केनरिक यांनी कॅथलिक मुलांना स्वतःची प्रत वाचू द्यावी, अशी विनंती केली. त्यावरून उसळलेल्या द्वेषाचे पर्यवसान १८४४ च्या मे व जुलै महिन्यांतील दंगलींत झाले. अनेकांचे प्राण गेले आणि कॅथलिक चर्चे जाळली गेली.

मॅसॅच्युसेट्समध्ये मॅन यांच्यानंतर त्यांच्या तोडग्याला सक्तीचे रूप आले. १८५२ मध्ये राज्याने अमेरिकेतील पहिला सक्तीच्या शालेय उपस्थितीचा कायदा केला. १८५५ मध्ये परकीयद्वेष्ट्या पक्षाच्या राजवटीत सर्व सार्वजनिक शाळांत प्रचलित इंग्रजी बायबलचे दररोज वाचन बंधनकारक झाले. मूल शाळेत आले पाहिजे आणि आल्यावर ठरावीक प्रत वाचली पाहिजे, अशी दुहेरी सक्ती त्यामुळे निर्माण झाली. १८५९ च्या मार्चमध्ये बोस्टनच्या एलियट शाळेत एका कॅथलिक मुलाने दहा आज्ञा प्रोटेस्टंट पाठानुसार म्हणण्यास नकार दिला. शिक्षकाने त्याच्या हातांवर सुमारे अर्धा तास वेताने मारले. खटल्यात न्यायालयाने शिक्षकाला निर्दोष ठरवले. छडीला आणि धर्मभयाला जन्मभर विरोध केलेल्या मॅन यांच्या राज्यात, त्यांच्या मृत्यूच्या पाच महिने आधी, ही घटना घडली. १८६२ मध्ये कायद्यात बदल करून पालकांच्या विवेकाविरुद्ध विशिष्ट प्रत वाचण्याची सक्ती काढून टाकण्यात आली.

गुलामगिरीविरोध

१८४८ मध्ये जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांच्या निधनाने रिक्त झालेल्या जागेवर मॅन अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले आणि १८५३ पर्यंत तेथे राहिले. १८४८ मध्येच सत्तरांहून अधिक गुलामांना पर्ल नावाच्या गलबतातून पळवून नेण्याचा प्रयत्न केल्याबद्दल ड्रेटन व सेअर्स यांच्यावर वॉशिंग्टनमध्ये खटला चालला. त्यांचे वकीलपत्र मॅन यांनी घेतले. १८५० मध्ये पळून आलेल्या गुलामांना परत करण्याच्या कायद्याला डॅनियल वेब्स्टर यांनी पाठिंबा दिला, तेव्हा मॅन यांनी त्यांच्याशी उघड संघर्ष केला. १८५२ मध्ये फ्री सॉइल पक्षातर्फे लढवलेल्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला.

अँटिऑक महाविद्यालय व मृत्यू

१८५३ मध्ये मॅन ओहायो राज्यातील यलो स्प्रिंग्ज येथील अँटिऑक महाविद्यालयाचे पहिले अध्यक्ष झाले. हे महाविद्यालय ख्रिश्चन कनेक्शन या पंथाने स्थापन केले होते, मात्र प्रवेशासाठी पंथाची अट नव्हती. मुलगे व मुली एकाच अभ्यासक्रमाला बसत आणि रिबेका पेनेल यांना पुरुष प्राध्यापकांच्या बरोबरीचा दर्जा होता. येथेही पंथीय वादांनी मॅन यांची पाठ सोडली नाही. संस्थापक पंथ आणि युनिटेरियन यांच्यातील तेढ व आर्थिक ओढगस्त यांमुळे १८५९ मध्ये महाविद्यालयाच्या मालमत्तेचा लिलाव करावा लागला. हितचिंतकांनी ती विकत घेऊन संस्था वाचवली. या दगदगीने खचलेले मॅन त्या वर्षीच्या पदवीदान समारंभानंतर काही आठवड्यांतच, २ ऑगस्ट १८५९ रोजी, यलो स्प्रिंग्ज येथे निधन पावले. पुढे त्यांचे अवशेष प्रॉव्हिडन्स येथे शार्लटच्या शेजारी पुरण्यात आले.

प्रभाव व मूल्यमापन

१८६५ मध्ये बोस्टन येथील राज्य विधिमंडळासमोर शिल्पकार एमा स्टेबिन्स यांनी घडवलेला मॅन यांचा पुतळा उभारण्यात आला. १८४७ मध्ये त्यांना भेटलेले अर्जेंटिनाचे डोमिंगो सार्मिएन्तो पुढे त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि मॅन यांचे शैक्षणिक विचार त्यांनी दक्षिण अमेरिकेत नेले.

शाळेतील धर्माविषयीचा मॅन यांचा तोडगा शंभराहून अधिक वर्षे अमेरिकेच्या मोठ्या भागात टिकला. १९६२ मध्ये सरकारने रचलेली प्रार्थना आणि १९६३ मध्ये शाळेच्या कार्यक्रमाचा भाग म्हणून होणारे बायबलवाचन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. धर्मांचा इतिहास किंवा साहित्य म्हणून अभ्यास करण्यास मात्र न्यायालयाने मनाई केली नाही.

इतिहासकारांत मॅन यांच्याविषयी दोन मते आढळतात. एका मताप्रमाणे त्यांनी शाळेला चर्चच्या ताब्यातून मुक्त केले आणि धर्मभयाखाली वाढणाऱ्या मुलांना मोकळा श्वास दिला. दुसऱ्या मताप्रमाणे त्यांनी स्वतःच्या उदार प्रोटेस्टंट श्रद्धेलाच सर्वांचा धर्म समजून ती शाळेत कायम ठेवली. ही दोन्ही मते परस्परांना खोडून काढतातच असे नाही. करातून चालणाऱ्या शाळेत कोणाच्याही विवेकावर सक्ती नसावी, हे तत्त्व मॅन यांनी मांडले. ते तत्त्व कॅथलिक, ज्यू आणि धर्म न मानणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचवण्याचे काम त्यांच्यानंतरच्या पिढ्यांना करावे लागले. त्यासाठी ज्या पालकांनी न्यायालयात दाद मागितली, त्यांचा युक्तिवाद बाराव्या अहवालातील मॅन यांच्या युक्तिवादाशी मिळताजुळता होता.